लदीन, चणे आणि आजाऱ्याची खाट

अचानक जिवावरचे दुखणे आले आणि तरीही एखादा माणूस खाटेवरून थट्टा करत राहिला, तर आपण त्याचे श्रेय त्याच्या स्वभावाला देतो. मूळचाच खेळकर माणूस, असे म्हणतो आणि विषय संपवतो. तो ख्रिस्ती असेल तर देवावर भार टाकला म्हणून निश्चिंत आहे, एवढे आणखी जोडतो. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांचा गेल्या तीन-चार शतकांचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला, तर आजारपणातला हसरेपणा एकट्या माणसाच्या मनात पिकत नाही असे दिसते. तो खाटेभोवती जमलेल्या माणसांत पिकतो. ती माणसे जमावीत म्हणून काही रीती लागतात, काही जागा लागतात, आणि आजाऱ्याकडे पाहण्याची एक नजर लागते. या किनाऱ्यावर ख्रिस्ती श्रद्धेने काय केले असेल तर आजाऱ्याचा एकटेपणा मोडला आणि त्याच्या कपाळी मारलेला पापाचा शिक्का पुसायला मदत केली. हसू गावात आधीपासून होतेच. त्याला आजाऱ्याच्या खोलीत शिरायला वाट मिळाली.

आधी आजारपण म्हणजे इथे काय होते ते लक्षात घ्यायला हवे. मुंबईशी संबंध समुद्रातून, आणि समुद्र जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. आगबोटी आल्या तरी पावसाळ्यात त्या बंदराला लागत नसत. वर देशावर जायला आंबोलीचा घाट, तोही पक्क्या रस्त्याचा झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आषाढात कुणाला पटकी झाली किंवा ताप मेंदूत गेला, तर घरातली माणसे, शेजारी, वैदू आणि देव एवढेच हाताशी. त्यात इथली बरीच ख्रिस्ती घरे तेरेखोल नदीच्या पलीकडून, गोव्यातून आलेली. तिथून माणसे उत्तरेला सावंतवाडीच्या सावंतांच्या मुलखात आणि दक्षिणेला कानडा प्रांतात सरकत राहिली. इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची धास्ती, करांचे ओझे, लढाया, दुष्काळ, रोगराई अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. खुद्द जुने गोवे शहर साथींनीच ओस पाडले. १७५९मध्ये व्हाइसरॉयने तिथून मुक्काम हलवला आणि १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. म्हणजे रोगाची आठवण सामानाबरोबर घेऊनच ही माणसे नदी ओलांडून आली होती.

त्या सामानात आणखी एक वस्तू होती असे मानायला जागा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या आणि थेट मराठी वळणाची रचना. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना त्यांच्याच छंदात ख्रिस्तकथा मिळाली. ग्रंथ कानडा किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता आणि पुढे १९०७ची आवृत्ती मंगळूरलाच निघाली. स्टीफन्सला अचानक येणाऱ्या दुखण्याची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला, आणि लगेच नोव्हेंबरात वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने जहाजावरच्या रोगाचे वर्णन केले. हिरड्या सुजतात, पाय सुजतात, सारे अंग ठणकते. दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर प्रवासांच्या मानाने हा आकडा थोडाच समजला गेला, असेही तो सांगतो. पत्रात आकांत नाही. त्याच ओघात तो मासे, पक्षी, वारे, नकाशे यांविषयी कुतूहलाने लिहीत जातो. मृत्यू शेजारी असताना भोवतालच्या जगावरून लक्ष न ढळणे, विनोदबुद्धीचे मूळ मला इथे दिसते.

ख्रिस्तपुराणाचा दुसरा भाग येशूच्या चरित्राचा आहे, आणि ते चरित्र आजाऱ्यांनी भरलेले आहे. शुभवर्तमानातले दोन प्रसंग या विषयाला फार जवळचे आहेत. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. दुसरा प्रसंग पक्षाघात झालेल्या माणसाचा. गर्दीमुळे दारातून वाट मिळेना, तेव्हा त्याला वाहून आणणारे छपरावर चढले आणि त्यांनी त्याला वरून खाली सोडले. लूकच्या कथनात तर ते कौले काढतात. कोकणातल्या ऐकणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. या कथेत येशू त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो आणि मग आजाऱ्याशी बोलतो. आजाऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाची परीक्षा तिथे कुणी घेत नाही. माझ्या मते या किनाऱ्यावरच्या पुढच्या सगळ्या रीतींचा पाया इथे आहे: श्रद्धा ठेवायचे काम आजाऱ्याच्या वतीने इतरांनीही करायचे असते.

या पायावर काय उभे राहिले याचा सगळ्यांत ठळक पुरावा प्लेगच्या वर्षांत सापडतो. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण तपासून हा प्लेग आहे असे उघडपणे सांगणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे बारदेशातल्या हडफड्याचे, म्हणजे सावंतवाडीपासून थोड्याच अंतरावरच्या गावचे. पुढच्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. शहर रिकामे होत होते आणि पळणारी माणसे आगबोटींनी कोकणात उतरत होती. याच सुमारास गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या गल्ल्यांत खुरीस उभे राहिले. देवळे दूर, गर्दी करायला भीती, म्हणून वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस आणि त्याच्यासमोर संध्याकाळची प्रार्थना. त्यांतल्या अनेकांपुढे आजही वर्षातून एकदा लदीन होते. गोवा आणि सिंधुदुर्गाकडे ही रीत आधीपासून घराघरांत होती. लदीन म्हणजे मरियेच्या नावांची लांब माळ, लॅटिनमध्ये, व्हायोलिनच्या साथीने, एकाने नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी धरायचे. त्या नावांत रुग्णांचे आरोग्य असेही एक नाव आहे. ते आले की ज्याच्यासाठी लदीन बोलावली त्याच्याकडे साऱ्यांचे डोळे वळणारच.

लदीन संपली की उकडलेले चणे वाटायचे, खोबरे घातलेले, आणि मोठ्यांना घोटभर फेणी. हा उत्तरार्ध धार्मिक इतिहासाची पुस्तके एका ओळीत उरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गुडघे टेकून झालेली माणसे आता बाकावर, पायरीवर, खाटेच्या कडेला बसतात. आजाऱ्याची चौकशी होते, मग पावसाची, मग कुणाच्या म्हशीची, आणि कुणीतरी कुणाची नक्कल करतो. प्रार्थनेने सगळ्यांना एका खोलीत आणले नसते, तर ही नक्कल आजाऱ्याच्या कानावर पडली नसती. मुंबईतल्या चाकरमान्यांकडे पाहिले तरी हीच जोडी दिसते. धोबीतलाव-माझगावच्या गल्ल्यांत गावोगावच्या गोवेकरांच्या कूड, म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा होत्या. एका खोलीत पेट्यांच्या रांगा, कोपऱ्यात वेदी आणि रात्रीची रोजरी. त्याच समाजाने १७ एप्रिल १८९२ला मुंबईत पहिले तियात्र रंगभूमीवर आणले, प्लेगच्या अवघी चार वर्षे आधी. पोट धरून हसवणारा खेळ आणि साथीतला खुरीस एकाच पिढीने उभा केला. एकाच माणसाच्या खिशात तियात्राचे तिकीट आणि जपमाळ दोन्ही असतील, यात त्या माणसाला विसंगती वाटली नसेल.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळे हसू मालवणी आहे, त्यात ख्रिस्ती काय? दशावतारातला संकासुर आणि त्याचा रात्रभर चालणारा हजरजबाबीपणा चर्चमधून आलेला नाही. जिवावर बेतले असतानाही तिरके बोलणे ही या मुलखाची जुनी खोड; जयवंत दळवींच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधली माणसे आठवली तरी पटेल. आक्षेप मला मान्य आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे पडत नाही, उलट पक्के होते. देवाशी बोलायची इथली पद्धत गाऱ्हाण्याची. एकाने मागणे मांडायचे आणि जमलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला बळ द्यायचे. लदिनीची घडण अगदी हीच आहे. लॅटिनचा एक शब्द न समजता माणसांनी ती आपलीशी केली याचे कारण मला या ओळखीच्या तालात दिसते. गाऱ्हाण्यात देवाला सुनावण्याचीही मुभा असते. पाऊस ओढला तर देवाला पाण्यात कोंडणारे गाव आणि मागणे पुरे होईपर्यंत संत आंतोनीची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवणारे कॅथलिक घर यांच्यात फार अंतर नाही. १७४६मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेल्या तेरेखोल किल्ल्यातली इगर्ज, म्हणजे चर्च, याच आंतोनीची आहे. ज्या संताला रागावता येते त्याच्यासमोर रडता येते आणि हसताही येते.

शिवाय ख्रिस्ती परंपरा स्वतः हसण्याला इतकी परकी नव्हती. जर्मन मुलखात ईस्टरच्या प्रवचनात पाद्र्याने लोकांना हसवायचे अशी प्रथा होती. मरण हरले, म्हणून हसायचे. १५१८मध्ये एका विद्वानाने तिच्यावर कडक टीका केली म्हणून ती आपल्याला माहीत आहे. संत लॉरेन्सविषयी तर परंपरा सांगते की लोखंडी जाळीवर भाजले जात असताना त्याने मारेकऱ्यांना कूस बदलून द्यायला सांगितले. हाच संत लॉरेन्स गोव्यात आग्वादजवळच्या सिंकेरीच्या टेकडीवर आहे आणि १० ऑगस्टला त्याच्या फेस्ताने, म्हणजे सणाने, मांडवी नदीच्या मुखाचा वाळूचा बांध होड्यांसाठी खुला झाला असे मानतात. उत्तरेला मालवणात त्याच दिवसांच्या आसपास सिंधुदुर्ग किल्ल्यावरून सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला अर्पण होतो. मरणाची थट्टा करणारा संत कोळ्या-खारव्यांनी समुद्राच्या दारावर बसवला हे मला फार समर्पक वाटते, कारण अचानक येणाऱ्या मरणाशी त्यांचा रोजचा व्यवहार.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. चर्चने आजाऱ्याला धीर दिला की घाबरवले? इथे इतिहास एका बाजूचा नाही. साथ म्हणजे देवाचा कोप, हे प्रवचन गोव्याच्या वेद्यांवरूनही झालेच. १७३६च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नातल्या ओव्या-गाण्यांपासून तुळशीपर्यंत कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. ज्या घरात गायची भीती, तिथे हसायचीही भीती असणार. माझा अंदाज असा की सावंतांच्या राज्यात आलेल्या घरांना पाद्री कमी मिळाले पण ओवी मोकळी राहिली, आणि आजारपणाभोवतीची मोकळीक टिकायला ते पथ्यावर पडले. संस्कारांचाही प्रश्न आहे. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी १५५१मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पक्का केला. तो मरणाच्या दारातल्यांपुरताच आहे असे तिने म्हटले नाही, पण व्यवहारात तो शेवटचाच झाला. घंटा वाजवत, छत्र धरून पाद्री पवित्र भाकर घेऊन एखाद्या घराकडे निघाला की वाटेवरची माणसे गुडघे टेकत आणि घरातल्यांच्या छातीत धस्स होई. म्हणून त्याला बोलवायला शेवटपर्यंत उशीर केला जाई, आणि माणूस शुद्धीत असताना मिळायचा धीर तो बेशुद्ध झाल्यावर येई. हा दोष चर्चचाच होता. तो दुरुस्तही चर्चनेच केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा संस्कार आजाऱ्यांचा आहे असे स्पष्ट म्हटले आणि १९७२मध्ये नवा विधी आला. आता शस्त्रक्रियेआधीही तेल लावतात, म्हातारपणातही लावतात, सगळ्यांसमोर मिस्सेतही लावतात. पाद्री आला की माणूस जाणार, ही गाठ सुटली. खाटेवरच्या माणसाला पाद्र्याशी दोन शब्द थट्टेचे बोलता येतात यामागे हा बदल आहे, आणि त्याचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही.

श्रद्धेमुळे औषध दूर राहते, असाही एक आरोप होतो. वेंगुर्ल्याचा इतिहास त्याला उत्तर देतो. कोल्हापुरापासून पसरलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वेंगुर्ल्यात दवाखाना चालवला. नाव सेंट ल्यूक हॉस्पिटल, कौले काढल्याची गोष्ट लिहिणाऱ्या त्याच लूकचे, ज्याला बायबलमध्ये वैद्य म्हटले आहे. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४मध्ये उभारलेले रुग्णालय हे या जाळ्याचे मोठे केंद्र, वेंगुर्ल्यात डॉ. रॉबर्ट गोहीन काम करत. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या घरात माणसे नेली. त्यानंतरच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९१९ला, गोहीन दाम्पत्याचा मुलगा वेंगुर्ल्यात जन्मला. तोच पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचा राजदूत झाला. साथीच्या तोंडावर असलेल्या लहानशा बंदरात आपले लेकरू जन्माला घालून तिथेच राहणे, याला मी श्रद्धेचा पुरावा मानतो. हे धर्मांतरासाठीच होते, असे म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवणार नाही. मिशनचा तो हेतू होता आणि मिशनरी तो लपवत नसत. पण दवाखान्यात येणारी माणसे बहुतेक हिंदू आणि मुसलमान होती व तशीच राहिली. कॅथलिकही प्रोटेस्टंट डॉक्टरकडे गेले. दुखण्याने सगळ्यांना एका पडवीत बसवले, आणि पडवीत बसलेली कोकणी माणसे गप्प बसत नाहीत.

किनाऱ्यावरच्या साध्या कॅथलिक माणसाने आपल्या आजारपणाविषयी लिहून ठेवले नाही. ते लिखाण मराठीत आले ते एका प्रोटेस्टंट घरातून, आणि त्या घराची एक बाजू कोकणातली होती. नारायण वामन टिळक १८६१मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले, १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि ९ मे १९१९ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वारले. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. पहिला भाग १९३४चा. नवरा धर्म बदलून गेला तेव्हा ही बाई कोसळली होती, आणि पाच वर्षांनी आपल्या विचाराने ती त्याच वाटेवर आली. नगरच्या प्लेगमध्ये तिने रुग्णांची सेवा केली. या पुस्तकात दुःख आणि हसू एकाच वाक्यात नांदतात हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्यांना वाटते की आजारपणातला विनोद म्हणजे दुखणे झाकण्याची युक्ती, त्यांनी हे पुस्तक पुन्हा वाचावे. लक्ष्मीबाई काही झाकत नाहीत. उपासमार, अपमान, मुलांची दुखणी, सारे उघडे मांडतात, आणि त्याच उघडेपणातून हसतात. त्यांच्या हसण्यात कुणाचा उपमर्द नाही, कारण ज्यांच्यावर त्या हसतात त्यांची शुश्रूषाही त्यांनीच केलेली असते. मला वाटते आजाऱ्याशी थट्टा करण्याचा हक्क असाच मिळतो: त्याची चादर बदलणाऱ्याला तो असतो, दारातून डोकावणाऱ्याला नसतो. त्यांचे घर कधी रिकामे नसे, हेही त्या पुस्तकातून दिसते. पोरकी, आजारी, उपाशी कुणी ना कुणी तिथे राहत असे. या बाईच्या स्वभावाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या भरलेल्या घराकडे मात्र कमी लक्ष गेले.

२००५मध्ये पुणे धर्मप्रांतापासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीच्या मिलाग्रीस सायबिणीची, म्हणजे मरियेची, इगर्ज त्याचे मुख्य देऊळ ठरली. आता रस्ते आहेत, रेल्वे आहे, पावसाळ्यात वाट बंद होत नाही. अचानक हृदयविकाराचा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की सिंधुदुर्गातले रुग्ण, कोणत्याही धर्माचे, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात नेतात. १८४२च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेतून वाढलेले ते रुग्णालय सावंतवाडीहून साठेक किलोमीटर, मालवणहून शंभराच्या पुढे. पूर्वज ज्या मुलखातून निघाले तिकडेच आज जीव वाचवायला जावे लागते, आणि जीव वाचतोही. पण अतिदक्षता विभागाबाहेर एकच नातेवाईक बसू शकतो. लदीन गावात होते आणि आजारी माणूस परजिल्ह्यात, परराज्यात, काचेपलीकडे. चण्यांची वाटी आणि नक्कल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून इगर्जींनी आणि वाड्यांनी आता दुसरी रीत बसवायला हवी. बांबोळीला सोबत जाणाऱ्यांच्या पाळ्या लावायच्या, बाहेर बसलेल्या त्या एका माणसाला दुसऱ्या दिवशी सोडवायचे, आणि आजारी वॉर्डात आला की भेटीच्या वेळेत त्याच्याजवळ असा माणूस पाठवायचा ज्याला त्याच्याशी थट्टा करता येते. पक्षाघात झालेल्या माणसाला वाहून आणणारे चौघे होते, असे मार्क सांगतो. एवढी माणसे प्रत्येक वाडीत मिळतात. त्यांची यादी दुखणे येण्याआधी तयार असली पाहिजे.